भिंतीतलं फडताळ आणि गोदरेजचं कपाट

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. पोळा नुकताच झाला होता, गणपती तोंडावर आले होते. माझी आई वैरागला एकटी राहते. वय वर्षं चौऱ्याहत्तर. रोज सकाळी सात वाजता मी बार्शीहून तिला फोन करते आणि दुसऱ्या रिंगला ती उचलते. हा आमचा दोघींचा ठरलेला नेम. त्या सकाळी तिनं उचलला नाही. म्हटलं, अंघोळीला गेली असेल. पुन्हा केला. पुन्हा नाही. पाच वेळा केला! तुम्हाला सांगते, पाचव्या वेळी माझे हात कापत होते. शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. शेवटी ह्यांनी गाडी काढली, मी मागे बसले, आणि ते वीस-पंचवीस किलोमीटर मी कसे काटले ते माझं मला माहीत.

आई दारातच बसली होती. मांडीवर फोन, डोळ्यांत पाणी. "अगं वाजतोय, दिसतंय तुझं नाव, पण उचलताच येईना. हिरवं वर ढकलतेय, ते जातच नाही. मी काही दाबलं नाही गं, खरंच काही दाबलं नाही."

झालं होतं असं, की रातोरात तिच्या फोनवरचा कॉलचा पडदा बदलला होता. आधी हिरवं बटण वर ढकललं की फोन उचलला जायचा. आता ते आडवं सरकवायचं होतं. नावांची यादी दुसरीकडे गेली होती, आकडे लावायची जागा बदलली होती. बस्स, एवढंच. तुम्हा-आम्हाला पाच मिनिटांत जमेल. पण माझ्या आईनं दोन वर्षं गिरवून गिरवून 'हिरवं वर, लाल खाली' असं पाठ केलं होतं. तिच्यासाठी फोन म्हणजे तेवढंच होतं. त्या आठवड्यात हे फक्त तिचंच नाही, देशभरात कितीतरी जणांचं झालं. लोक एकमेकांना विचारत होते, 'तुझाही बदलला का?' ज्यांनी बदलला त्यांचं नाव मी इथं घेत नाही. मला भांडण त्यांच्याशी नाही, एका रीतीशी करायचंय.

फोन घेऊन आम्ही मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानातल्या पोरानं फोनच्या ॲपवर बोट दाबून धरलं, आत जाऊन 'अनइन्स्टॉल अपडेट्स' केलं, आणि दोन मिनिटांत जुना पडदा परत! पैसेही घेतले नाहीत बिचाऱ्यानं. वर म्हणाला, "मावशी, फोन अपडेट नाही झाला. फक्त ॲप अपडेट झालं."

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहिलं. फोनमधला फोनसुद्धा ॲप? मग फोन म्हणजे नेमका कोणता?

मी काही कॉम्प्युटरची जाणकार नाही. बचत गटाचे हिशेब ठेवते, तेवढ्यापुरता फोन वापरते. पण एकदा खोडा पडला की मी सोडत नाही. भाच्याला विचारलं, वाचलं, गटातल्या मुलींकडून समजून घेतलं. आणि जे कळलं ते मला माझ्या माहेरच्या घरातून सांगायला सोपं जातं.

वैरागचं आमचं घर जुन्या बांधणीचं, मातीच्या रुंद भिंतींचं. त्या भिंतीत फडताळं आहेत, कोनाडे आहेत. फडताळ जागा खात नाही, हलत नाही, अंधारातसुद्धा हात बरोबर तिथंच जातो. आजी डोळ्यांनी अधू झाली तरी फडताळातला मिठाचा डबा तिला बरोब्बर सापडायचा. पण एका पावसाळ्यात त्या फडताळाला वाळवी लागली. तेव्हा काय करावं लागलं? गवंडी बोलावून भिंत उकरावी लागली! आठ दिवस चूल अंगणात. याउलट माझ्या लग्नात आलेलं गोदरेजचं कपाट. तीन घरं बदलली, कपाट आमच्याबरोबर फिरलं. कुलूप बिघडलं तर कुलूपवाला आला आणि बदलून गेला, भिंतीला धक्का नाही. पण कपाट जागा अडवतं. आणि कुणी एके रात्री ते या खोलीतून त्या खोलीत नेऊन ठेवलं तर सकाळी तुम्ही कपाळ आपटून घेणारच.

फोनमध्ये अगदी हेच दोन प्रकार असतात. काही गोष्टी भिंतीतल्या, म्हणजे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच लिंपलेल्या. त्या सुधारायच्या तर सगळी सिस्टिमच नवी यावी लागते. आणि काही गोष्टी कपाटासारख्या सुट्या. त्यांचं अपडेट त्यांचं त्यांचं येतं, बाकी फोनला हात न लावता.

सुरुवातीला बहुतेक सगळं भिंतीतच होतं. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा ॲपचं दुकान नावाची गोष्टच नव्हती. कंपनीनं दिलं तेवढं वापरायचं. दुकान उघडलं जुलै २००८ मध्ये. ॲपलनं ही भिंतीची रीत बऱ्याच अंशी पुढंही ठेवली. त्यांचा सफारी ब्राउझर आयफोनवर आजही सिस्टिमबरोबरच अपडेट होतो. होकायंत्र, शेअर बाजार असली आधीपासून बसवलेली ॲप्स नको असतील तर काढायची मुभा मिळाली तीसुद्धा २०१६ मध्ये. २०१२ साली तर गंमतच झाली. तोवर आयफोनमध्ये गूगलचे नकाशे भिंतीत बसवलेले होते. त्या सप्टेंबरात नवी सिस्टिम आली आणि तिनं ते फडताळच उचकटून काढलं, तिथं ॲपलचे स्वतःचे नकाशे बसवले. ते इतके चुकीचे निघाले, की ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर पत्र लिहून माफी मागावी लागली, आणि तोवर दुसऱ्यांचे नकाशे वापरा असंही सांगावं लागलं! गूगलचे नकाशे त्याच वर्षी डिसेंबरात परत आले, पण सुटं ॲप म्हणून.

अँड्रॉइडची वाट वेगळी. तिथं सिस्टिम गूगलची, फोन बनवणारे शंभर. गूगलनं नवी सिस्टिम काढली तरी ती तुमच्या-माझ्या फोनवर आणायची ती फोनवाल्या कंपनीनं, आणि स्वस्त फोनच्या बाबतीत ती कंपनी कधी आणते, कधी आणतच नाही. मग गूगलनं हळूहळू फडताळं रिकामी करून कपाटं करायला घेतली. २०१० मध्ये जीमेल सुटं झालं. २०१३ मध्ये कीबोर्ड सुटा झाला. पुढं फोन लावायचं ॲप, नंबरांची वही, कॅलेंडर, सगळं दुकानातून परस्पर अपडेट होऊ लागलं. म्हणजे माझ्या आईला ज्यानं रडवलं, ती हीच रीत.

मग सरळ म्हणावं ना, की सगळं पुन्हा भिंतीत घाला? त्या दिवशी मी तसंच म्हणाले असते. आता म्हणत नाही. का, ते सांगते.

आमच्या गटात आम्ही अकराजणी. एका बैठकीत मी सहज विचारलं, तुमचा फोन नवा घेतलेला आहे का? दोघींनी हात वर केले. बाकी नऊजणींचे फोन कुणाचे? मुलानं नवा घेतला म्हणून त्याचा जुना. नवऱ्याचा पडून काच तडकलेला. दिराचा. जावयाचा! माझा स्वतःचासुद्धा लेकाकडून आलेला आहे. साडी कशी आईची लेकीकडं येते, तसा फोन उलटा, लेकाकडून आईकडं येतो. यात कुणाला दोष देत नाही. आपणच म्हणतो ना, 'मला काय करायचाय नवा, तुझा दे, चालतोय ना!'

पण याचा अर्थ लक्षात घ्या मैत्रिणींनो. फोन आपल्या हातात पडतो तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं. हल्ली महागड्या फोनवर सात-सात वर्षं अपडेट द्यायचं गूगल आणि सॅमसंगनं कबूल केलंय, २०२३ आणि २०२४ पासूनच्या मोठ्या मॉडेलांना. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच लागू झालाय, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सिस्टिमचे अपडेट मिळत राहिले पाहिजेत. पण आपल्या हातातले आठ-दहा हजारांचे जुने फोन? त्यांची सिस्टिम कधीच थबकलेली असते. त्यांची भिंत आता कुणी दुरुस्त करायला येणार नाही. त्या फोनवर जे काही सुधारेल ते फक्त सुट्या कपाटांतलंच सुधारेल. म्हणून हा वाद मुळात जुने फोन वापरणाऱ्यांचा आहे, आणि घराघरांत जुने फोन बायका वापरतात.

याची दोन उदाहरणं देते, म्हणजे मी उगाच घाबरवत नाहीये हे कळेल.

जुलै २०१५ मध्ये अँड्रॉइडमधली एक मोठी खोट उघडकीला आली. तिला 'स्टेजफ्राइट' नाव पडलं. फोनमध्ये व्हिडिओ उलगडून दाखवणारा जो भाग असतो त्यात भोक होतं. कुणी तुमच्या नंबरवर मुद्दाम बनवलेला व्हिडिओ असलेला मेसेज पाठवला, की तुम्ही तो न उघडताही फोनमध्ये शिरकाव होऊ शकत होता. जगभरचे कोट्यवधी फोन या तडाख्यात होते. उपाय सापडला, पण तो भाग भिंतीत होता! ज्यांच्या कंपनीनं सिस्टिमचा अपडेट पाठवला ते सुटले, बाकीचे तसेच राहिले. याच प्रकरणानंतर गूगलनं दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट काढायला सुरुवात केली. आणि २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हा हा व्हिडिओचा भागच भिंतीतून काढून सुटा केला, म्हणजे पुढच्या वेळी वाळवी लागली तर गवंडी नको. हे काम दिसत नाही, त्याची जाहिरात होत नाही. पण आपल्या पैशांचं ॲप ज्या फोनवर आहे त्याच्यासाठी यापेक्षा मोठं काम नाही.

दुसरं उदाहरण आमच्या भागाच्या अगदी जिव्हारचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली. आम्ही सगळे वैरागच्या त्या घरातून धावत बाहेर आलो, भांडी फडताळातून खाली पडत होती, आणि आई धाकट्याला पोटाशी धरून अंगणात उभी. सकाळी कळलं, किल्लारी गेली, सास्तूर गेलं. हजारो माणसं.

तर २०२३ च्या सप्टेंबरात गूगलनं भारतात भूकंपाची सूचना देणारी सोय सुरू केली. फोनमध्ये जे हालचाल ओळखणारं यंत्र असतं, ज्यामुळे फोन आडवा केला की चित्रही आडवं होतं, त्याच यंत्राचा उपयोग करून. एका भागातले खूप फोन एकदम हादरले की ते दुसरीकडच्या फोनना कळवलं जातं, कारण बातमी हादऱ्यापेक्षा वेगानं पोहोचते. किल्लारीच्या ऐन पोटात यानं सेकंदसुद्धा हाती लागला नसता, हे मान्य. पण लांबच्या गावांना काही क्षण मिळू शकतात. आणि महत्त्वाचं म्हणजे ही सोय अँड्रॉइड ५ पासूनच्या फोनना मिळाली, म्हणजे २०१४ सालच्या सिस्टिमला! नवी भिंत न बांधता. कारण ती आली गूगलच्या त्या सुट्या भागातून, जो मागच्या मागे आपोआप नवा होत असतो.

आता बोला, भिंत चांगली की कपाट?

थांबा, इतक्यात कपाटाला हार घालू नका. त्याचेही गुण सांगते.

आठवतंय का ते भारनियमन? दिवसाला दहा-बारा तास लाइट नसायची, कंदील आणि मेणबत्त्यांवर पोरांचा अभ्यास. नंतर स्मार्टफोन आले तेव्हा आपण पहिलं काय शोधलं असेल तर बॅटरी, म्हणजे टॉर्च! सुरुवातीच्या कितीतरी फोनमध्ये दिवा होता पण तो पेटवायचं बटण नव्हतं. त्यासाठी सुटं ॲप घ्यावं लागायचं. असंच एक अमेरिकी ॲप होतं, 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट', किमान पाच कोटी वेळा उतरवून घेतलेलं, आणि फुकट. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं उघड केलं, की ते ॲप दिवा पेटवता पेटवता माणूस नेमका कुठं आहे हे जाहिरातवाल्यांना कळवत होतं! दिवा लावायला आलेल्या पोराला आपण घराच्या किल्ल्या दिल्यासारखं झालं. ॲपलनं २०१३ मध्ये आणि अँड्रॉइडनं २०१४ मध्ये टॉर्च सिस्टिममध्येच बसवला, बोट ओढलं की समोर. एवढ्याशा गोष्टीला सुटं ॲप लागूच नये. जिथं काम लहान आणि कायमचं एकच, तिथं फडताळच बरं.

शिवाय सुटा अपडेट बिघडला तर? मार्च २०२१ मध्ये तसं झालंच. अँड्रॉइडमध्ये 'वेबव्ह्यू' नावाचा एक भाग आहे, बऱ्याच ॲप्सच्या पोटात वेबपेज दाखवणारी खिडकी म्हणा. २०१४ च्या सिस्टिमपासून ती सुटी झाली होती. तिचा एक सदोष अपडेट सुटला आणि जगभर लोकांची ॲप्स उघडता उघडता बंद पडू लागली, जीमेलसकट. एका कपाटाचं दार वाकडं झालं आणि सगळ्या घराची दारं लागेनात! फक्त एवढंच, की सुटं असल्यामुळे दुरुस्तीही लगोलग आली. भिंतीत असतं तर महिनोनमहिने वाट बघा.

आणि जागेचं काय? आमच्या गटातल्या एकीच्या फोनवर रोज 'स्टोरेज फुल' येतं. नातवाचे फोटो पुसून पुसून ती अपडेटला जागा करते. दुसरीकडं तिच्याच फोनमध्ये सात-आठ ॲप्स अशी, जी तिनं कधी उघडली नाहीत आणि जी निघतही नाहीत. म्हणजे कपाटं, पण भिंतीला खिळे ठोकून पक्की केलेली! जागा कपाटासारखी खाणार आणि फडताळासारखी हलणार नाहीत. हा तिसरा प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो. आपल्या स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, त्यात आधीपासून ॲप्स बसवून देण्याच्या सक्तीचा मुद्दा होता, आणि अशी ॲप्स काढायची मुभा द्या असंही सांगितलं होतं. पुढं मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण काही आदेश रद्द केले, आणि त्यात नेमका हा मुभेचा आदेशही गेला. म्हणजे दंडाची बातमी आपण वाचली, आपल्या फोनवरचे खिळे होते तिथंच.

सरकारनंही असाच एक खिळा ठोकून पाहिला. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर सर्व नव्या फोनमध्ये 'संचार साथी' ॲप आधीपासून बसवा असा आदेश निघाला. हरवलेला फोन बंद करायला ते ॲप कामाचं आहे, मी स्वतः गटात सांगितलंय. पण सक्ती म्हटल्यावर गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागं घेतली गेली. चांगली वस्तू असली तरी माझ्या घरात ठेवायची तर मला विचारा, एवढंच म्हणणं होतं लोकांचं.

मग काहीच सक्तीनं भिंतीत नको का? इथं मात्र माझं उत्तर ठाम आहे. संकटाची गोष्ट भिंतीतच हवी.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत ते घडलं, त्यानंतर बायकांच्या सुरक्षेची ॲप्स धडाधड निघाली. माझी लेक तेव्हा कॉलेजला सोलापूरला होती. मी तिच्या फोनवर असंच एक बसवून दिलं. दोन वर्षांनी फोन बदलला, ॲप शोधलं, तर ते दुकानातून गायब! कुणी काढलं, का काढलं, काही पत्ता नाही. दोन वर्षं मी ज्याच्या भरवशावर निवांत झोपत होते ते कधी बंद पडलं होतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

म्हणून २०१६ मध्ये केंद्र सरकारनं जो नियम केला तो मला फार मोलाचा वाटतो, आणि आश्चर्य म्हणजे आपल्यापैकी किती जणींना तो ठाऊकच नाही. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये पॅनिक बटण असलंच पाहिजे. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा. स्मार्टफोनमध्ये ठरावीक बटण दाबून धरायचं, किंवा चालू-बंदचं बटण झटपट तीनदा दाबायचं. ॲप नको, नेट नको, जागा नको, पासवर्ड नको. संकटात बाईचा हात थरथरतो, डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा आजीचा हात मिठाच्या डब्यावर जायचा तसा अंगठा बटणावर गेला पाहिजे. नव्या फोनमध्ये हे तीनदा आहे की पाचदा ते मॉडेलप्रमाणं बदलतं, म्हणून सेटिंगमधल्या 'इमर्जन्सी'त आजच जाऊन पाहून ठेवा. आणि ११२ हा नंबर तर आहेच.

तसंच, २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते ते आठवतंय? सरकारी चाचणीचा मेसेज होता. आमच्या गल्लीत एकीनं फोन पाण्याच्या बादलीत टाकायचाच बाकी ठेवला होता! तेसुद्धा ॲप नव्हतं. टॉवरवरून थेट फोनच्या अंगात येणारा संदेश होता तो, त्याला आपण काही उतरवून घ्यायची गरज नव्हती.

तर माझं मत काय? ज्यात वाळवी लागू शकते, म्हणजे बँकेचं, मेसेजचं, व्हिडिओचं, ब्राउझरचं, ते सुटं ठेवा आणि जुन्या फोनलाही बिनबोभाट दुरुस्त करत राहा. संकटाचं आणि रोजच्या हाताखालचं, म्हणजे फोन उचलणं, दिवा लावणं, ते भिंतीत ठेवा. आणि कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला येताय तर कुलूपच दुरुस्त करून जा, कपाट हलवू नका! सुरक्षेचा अपडेट आणि रूप बदलायचा अपडेट एकाच पुडक्यात का बांधता? कुलूपवाला म्हणून दार उघडावं आणि त्यानं सगळी खोली नव्यानं लावून जावं, हे कुठल्या घरात चालेल? रूप बदलायचं तर आधी विचारा, मराठीत विचारा, मोठ्या अक्षरांत विचारा, आणि 'नको' म्हटलं तर ऐका. हे काही अवघड नाही. त्या मोबाईलवाल्या पोरानं जुना पडदा दोन मिनिटांत आणून दाखवला, म्हणजे जुना पडदा होता की तिथंच.

मला सगळ्यांत जास्त लागलं ते आईचं ते वाक्य. 'मी काही दाबलं नाही गं.' फोनमध्ये काही बिघडलं की घरात पहिला प्रश्न हाच येतो ना, 'तूच काहीतरी दाबलं असशील'? मीही तिला पूर्वी असं म्हटलेलं आहे. एकदा नाही, अनेकदा. त्यातलं किती वेळा तिनं खरंच काही दाबलं होतं आणि किती वेळा तिच्या झोपेत कुणी कपाट हलवून गेलं होतं, कुणास ठाऊक.

आता मी तिच्या फोनवर तेवढ्या एका ॲपचं आपोआप अपडेट होणं बंद करून टाकलंय. दुकानाच्या ॲपमध्ये त्या ॲपच्या पानावर वर तीन टिंबं असतात, तिथं 'एनेबल ऑटो अपडेट'समोरची खूण काढायची. बाकीच्यांचं चालू ठेवलंय. पण मग त्या एकाची डागडुजीही थांबली, हे मला कळतंय. म्हणून महिन्यातून एकदा, बहुधा पौर्णिमेच्या आसपास, वैरागला जाते तेव्हा तिच्या शेजारी बसून ते हातानं अपडेट करते, काय बदललं ते बघते, आणि बदललं असेल तर तिथंच दहा वेळा तिच्याकडून गिरवून घेते. गेल्या खेपेला तिनं विचारलं, "आता तरी ठरलं का त्यांचं, हिरवं कुठं ठेवायचं ते?"